फझ टेस्टिंगची उभारणी : क्यूआर वाचणाऱ्या कोडच्या आधारे

फझ टेस्टिंग म्हणजे प्रोग्रॅमला यंत्राने घडवलेली असंख्य वेडीवाकडी इनपुटे देऊन तो कोठे कोसळतो, कोठे अडकून बसतो आणि कोठे गुपचूप चुकीचे उत्तर देतो हे शोधण्याची पद्धत. युनिट टेस्टमधले इनपुट बहुतेक वेळा कोड लिहिणाऱ्यालाच सुचलेले असते. कोड लिहिताना ज्या शक्यतेकडे लक्ष गेले नाही, तिच्याकडे टेस्ट लिहितानाही जात नाही, आणि नेमक्या त्याच फटीतून बग पुढे सरकतो. फझरला काय शक्य आहे आणि काय नाही याचे कोणतेही मत नसते, हीच त्याची उपयुक्तता.

या पद्धतीचा उगम १९८८ सालचा. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर एका वादळी रात्री टेलिफोन लाइनवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. लाइनवरच्या खरखरीमुळे कमांडमध्ये भलतीच अक्षरे घुसत होती आणि त्यांच्यामुळे रोजच्या वापरातले युनिक्स प्रोग्रॅम कोसळत होते. मिलर यांनी तोच विषय विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचा निष्कर्ष असा, की तपासलेल्या प्रोग्रॅमपैकी २५ ते ३३ टक्के प्रोग्रॅम निव्वळ स्वैर अक्षरांपुढे कोसळले किंवा अडकले.

स्वैर अक्षरांचा मारा आजच्या कोडला फारसा पुरत नाही. पहिल्याच तपासणीत इनपुट फेटाळले जाते आणि आतला कोड अस्पर्शित राहतो. २०१३ मध्ये मिखाल झालेव्स्की यांनी एएफएल हे साधन प्रसिद्ध केले आणि कव्हरेजवर चालणारी पद्धत सर्वत्र रुजली. प्रोग्रॅम कंपाइल करतानाच त्यात खुणा पेरल्या जातात. फझर एखादे इनपुट थोडे बदलून चालवतो, कोडच्या कोणत्या वाटा उघडल्या ते त्या खुणांवरून पाहतो, आणि नवी वाट उघडणारे इनपुट पुढच्या बदलांसाठी राखून ठेवतो. हजारो पिढ्यांनंतर अर्थहीन अक्षरांमधूनही बऱ्यापैकी वैध वाटणारी इनपुटे तयार होतात. एएफएलचा आजचा वारसदार म्हणजे एएफएल-प्लस-प्लस.

कोणत्याही प्रकल्पात पहिला निर्णय जागेचा असतो. बाहेरून आलेला आणि ज्यावर विश्वास ठेवता येत नाही असा मजकूर जेथे उलगडला जातो, ती जागा निवडावी : फाइल वाचणारा कोड, नेटवर्कवरचे संदेश फोडणारा कोड, कॉम्प्रेस केलेला डेटा सोडवणारा कोड, वापरकर्त्याने टाइप केलेली तारीख किंवा रक्कम समजून घेणारा कोड. डेटाबेसला पाच वेळा विचारून निर्णय घेणारा व्यवसायनियम किंवा स्क्रीनवरची मांडणी यांच्यापासून सुरुवात करू नये. तेथे एकेका फेरीला इतका वेळ लागतो, की फझरला काम करायला वावच उरत नाही.

बेंगळुरूत अशा जागेचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. पेमेंटचे सॉफ्टवेअर घडवणाऱ्या अनेक कंपन्या या शहरात आहेत आणि भाजीच्या गाडीपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लटकलेले दिसतात. यूपीआयचा साधा क्यूआर हा वेबपत्त्यासारखा एक दुवा असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या भारतक्यूआरची रचना मात्र निराळी आहे, आणि फझिंग शिकायला ती फार चांगली. तिच्यात प्रत्येक घटकाचे तीन भाग असतात : दोन अंकी ओळखक्रमांक, दोन अंकी लांबी आणि मग तेवढ्या लांबीचा मजकूर. ५८ या क्रमांकाखाली देश, ५३ खाली चलन (रुपयासाठी ३५६), ५४ खाली रक्कम, ५९ खाली दुकानाचे नाव, ६० खाली शहर. रोमन लिपीत बेंगळुरूची अक्षरे नऊ, म्हणून शहराचा घटक ‘६००९’ ने सुरू होतो आणि त्यापुढे ती नऊ अक्षरे येतात. काही घटकांच्या पोटात पुन्हा तशाच घटकांची मालिका असते. सर्वांत शेवटी ६३ क्रमांकाचा तपासणी-आकडा, म्हणजे आधीच्या सगळ्या मजकुरावरून काढलेला सीआरसी.

लांबी आधी सांगणारी कोणतीही रचना म्हणजे बगांना आमंत्रण. घटक म्हणतो लांबी ९९, प्रत्यक्षात उरलेली अक्षरे तीनच. पोटातला घटक बाहेरच्या घटकाच्या सीमेपलीकडे जातो. लांबी शून्य येते आणि लूप पुढेच सरकत नाही. लांबीच्या जागी अंकांऐवजी अक्षरे येतात. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा बग याच जातीचा होता. संदेशात सांगितलेली लांबी खरी मानून सर्व्हर आपल्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर समोरच्याला देऊन टाकत असे. पुढच्या वर्षी जर्मन पत्रकार हानो ब्योक यांनी दाखवून दिले, की मेमरीवर लक्ष ठेवणारे साधन जोडून एएफएल चालवले असते तर हा बग काही तासांत सापडला असता.

जागा ठरली की हार्नेस लिहावा. फझरकडून बाइटची एक माळ घ्यायची, ती तपासायच्या फंक्शनला द्यायची आणि परत यायचे, एवढेच या छोट्या फंक्शनचे काम. लिहायला दहा-पंधरा ओळी पुरतात, पण त्यात काही पथ्ये कसोशीने पाळावी लागतात. हार्नेसने नेटवर्कला हात लावू नये, डिस्कवर लिहू नये, घड्याळ पाहू नये, यादृच्छिक आकडे वापरू नयेत. तेच इनपुट पुन्हा दिले तर तोच परिणाम झाला पाहिजे, नाहीतर सापडलेला क्रॅश पुन्हा घडवता येत नाही आणि त्याची दुरुस्तीही होत नाही. आधीच्या फेरीतली कोणतीही ग्लोबल स्थिती पुढच्या फेरीत उरू नये. साध्या पार्सरच्या सेकंदाला हजारो फेऱ्या व्हायला हव्यात. तो आकडा शेकड्याच्या आत घुटमळत असेल तर लॉगिंग, अनावश्यक कॉपी किंवा दर फेरीला वाचली जाणारी कॉन्फिगरेशन फाइल यांपैकी काहीतरी आड येत असते. क्यूआरच्या बाबतीत कॅमेऱ्याचे चित्र फझरला देण्यात अर्थ नाही. चित्रातून निघालेली अक्षरमाळ जेथे फोडली जाते तेथे थेट हार्नेस लावावा. चित्र वाचणाऱ्या लायब्ररीचा हार्नेस स्वतंत्र असावा.

साधनाची निवड भाषेवरून होते आणि त्यात फार घोळ घालण्याचे कारण नाही. सी आणि सी-प्लस-प्लससाठी एएफएल-प्लस-प्लस किंवा क्लँग कंपाइलरसोबत येणारा लिबफझर, रस्टसाठी कार्गो-फझ, पायथनसाठी अथेरिस, जावासाठी जॅझर. गो भाषेत मार्च २०२२ च्या १.१८ आवृत्तीपासून फझिंग मूळ साधनसंचातच आहे, त्यामुळे नव्या टीमला सुरुवातीसाठी तो सर्वांत सोपा रस्ता. गोमध्ये क्रॅश घडवणारे इनपुट प्रकल्पाच्या ‘टेस्टडेटा’ फोल्डरमध्ये आपोआप लिहिले जाते आणि पुढे साध्या टेस्टबरोबरही चालते. नवी वाट उघडणारी इतर इनपुटे मात्र बिल्ड-कॅशमध्ये जातात. दर वेळी नवा कंटेनर उभा करणाऱ्या सर्व्हरवर तो कॅश जपून ठेवला नाही, तर फझर रोज पहिल्या पायरीपासून चढत राहतो.

सी आणि सी-प्लस-प्लसमध्ये अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावल्याशिवाय फझिंग करू नये. मेमरीच्या सीमेबाहेर एक बाइट वाचला तर प्रोग्रॅम बहुधा कोसळत नाही. शेजारचा कचरा वाचून शांतपणे पुढे जातो. सॅनिटायझर त्या क्षणी प्रोग्रॅम थांबवतो आणि ओळ क्रमांकासह अहवाल देतो. त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो आणि मेमरी जास्त लागते, पण ही किंमत मोजण्याजोगी आहे. पूर्णांक मावेनासा होणे यासारख्या चुकांसाठी अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझरही सोबत लावावा.

गो, जावा, पायथन या भाषांमध्ये मेमरीचे असे अपघात सहसा होत नाहीत, आणि तेथे पुष्कळ टीमची निराशा होते. रात्रभर फझर चालतो आणि काहीच सापडत नाही. याचा अर्थ कोड निर्दोष आहे असा होत नाही. चूक कशाला म्हणायचे ते फझरला कोणी सांगितलेलेच नसते. फझिंगच्या उभारणीत सर्वांत जास्त विचार येथे खर्च व्हावा. हार्नेसमध्ये कोडकडून अपेक्षित असलेले गुणधर्म लिहावेत आणि ते मोडले तर प्रोग्रॅम मुद्दाम थांबवावा. क्यूआरच्या उदाहरणात पहिला गुणधर्म फेरप्रवासाचा : मजकूर फोडून घटक मिळाले, त्या घटकांपासून पुन्हा मजकूर बांधला आणि तो पुन्हा फोडला, तर तेच घटक हाती यायला हवेत. दुसरा रकमेचा : वैध म्हणून स्वीकारलेली रक्कम ऋण नसावी, दशांशानंतर दोनपेक्षा जास्त अंक नसावेत. तिसरा वेळेचा : काही शे अक्षरांचे इनपुट क्षणार्धात निकालात निघाले पाहिजे. लिबफझर एका इनपुटसाठी मुळात १२०० सेकंद थांबतो. पार्सरसाठी ही मर्यादा काही सेकंदांवर आणावी, म्हणजे अडकणारी इनपुटेही बग म्हणून नोंदली जातील.

सर्वांत फलदायी गुणधर्म तुलनेचा. एकच मजकूर दोन वेगळ्या पार्सरना द्यावा आणि दोघांचे उत्तर जुळते का ते पाहावे. पेमेंटच्या व्यवस्थेत ही स्थिती मुळातच असते : मोबाइल अ‍ॅप एका भाषेत, सर्व्हर दुसऱ्या भाषेत, हिशेब जुळवणारी स्क्रिप्ट तिसऱ्याच भाषेत. पायथनमध्ये ‘१००’ हे देवनागरी अंकांत लिहिलेले इनपुट पूर्णांकात बदलायला सांगितले तर निमूटपणे शंभर मिळतात. जावाचे प्रमाणित फंक्शनही देवनागरी अंक स्वीकारते. गोमधले तेच काम करणारे फंक्शन चूक म्हणून नकार देते. कन्नड अंकांचेही तसेच. म्हणजे एका बाजूला वैध ठरलेला व्यवहार दुसऱ्या बाजूला अवैध, आणि दोन्ही बाजूंचा कोड आपापल्या जागी बरोबर लिहिलेला. असा फरक लिहिलेल्या टेस्टमध्ये क्वचितच पकडला जातो, कारण टेस्ट लिहिणारा इंग्रजी अंकच टाइप करतो.

दुकानाचे नाव भारतीय लिपीत आले की लांबीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. ‘बेंगळुरू’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये मात्र काना, मात्रा, उकार आणि अनुस्वार सुटे मोजले जातात आणि तो आठ खुणांचा होतो. यूटीएफ-८ मध्ये साठवला की त्याचे २४ बाइट होतात. एका प्रोग्रॅमने लांबी आठ लिहिली आणि दुसऱ्याने ती बाइटमध्ये वाचली, तर तिसऱ्या खुणेच्या मध्यावर मजकूर तुटतो आणि तेथून पुढचा प्रत्येक घटक घसरतो. लिपीच्या अशा बारकाव्यांत मोठे बग दडलेले असतात हे फेब्रुवारी २०१८ मध्ये जगाने पाहिले. तेलुगूतले एक जोडाक्षर असलेला संदेश आला की आयफोनवरचे अ‍ॅप कोसळत होते आणि १९ फेब्रुवारीला आयओएस ११.२.६ ही तातडीची दुरुस्ती काढावी लागली. भारतीय भाषांना आधार देणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या फझिंगमध्ये जोडाक्षरे, सुटा हलन्त, सुरुवातीलाच आलेली मात्रा, अदृश्य जोडखुणा आणि अर्धवट तुटलेले यूटीएफ-८ ही इनपुटे पहिल्या दिवसापासून असावीत.

फझरला सुरुवातीला दिलेल्या नमुन्यांना सीड म्हणतात. वीस-पंचवीस लहान आणि परस्परांपासून वेगळी सीडे शेकडो एकसारख्या फाइलींपेक्षा जास्त काम करतात : एक किमान वैध मजकूर, एक सर्व घटक असलेला, एक पोटात घटक असलेला, एक रिकामा, एक अर्ध्यात तुटलेला, एक कन्नड नावाचा, एक मराठी नावाचा. खऱ्या दुकानांचे क्यूआर सीड म्हणून वापरू नयेत. त्यांत नावे आणि खाते ओळखणारे क्रमांक असतात, आणि क्रॅशच्या अहवालांसोबत ती माहिती टीमभर फिरते. नमुने हाताने बनवावेत. जुन्या दुरुस्त केलेल्या बगांची इनपुटे मात्र अवश्य घालावीत, कारण नवे बग बरेचदा जुन्यांच्या शेजारीच सापडतात. यासोबत शब्दसूची द्यावी : घटकांचे क्रमांक, चलनाचा आकडा, ‘६३०४’ यासारखे ठरलेले तुकडे. फझरला ते अंदाजाने शोधावे लागले तर विनाकारण तास खर्ची पडतात.

सीआरसीची अडचण वेगळी हाताळावी लागते. तो आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. फझरने मजकुरात एक अक्षर बदलले की आकडा चुकतो आणि इनपुट दारातच परत जाते. यावर दोन उपाय आहेत. फझिंगच्या बिल्डपुरती ही तपासणी बंद ठेवता येते, फक्त तो बदल ग्राहकांपर्यंत जाणाऱ्या बिल्डमध्ये चुकूनही जाणार नाही अशी व्यवस्था हवी. किंवा फझरला स्वतःचे बदल-फंक्शन देता येते, जे प्रत्येक बदलानंतर नवा सीआरसी काढून शेवटी चिकटवते. दुसरा उपाय थोडा जास्त कष्टाचा, पण त्यात तपासला जाणारा कोड आणि वापरला जाणारा कोड एकच राहतो, म्हणून तोच पसंत करावा. सीआरसी तपासणाऱ्या फंक्शनसाठी छोटासा स्वतंत्र हार्नेस ठेवावा.

पहिल्या तासात बहुधा उथळ क्रॅशांचा पूर येतो. एकाच चुकीची शेकडो रूपे दिसतात. क्रॅशच्या वेळी कॉल-स्टॅकमध्ये वर असलेली दोन-तीन फंक्शने पाहून त्यांचे गट पाडावेत, प्रत्येक गटातून एक इनपुट निवडून ते साधनाच्या मदतीने लहानात लहान करावे आणि मगच डीबगर उघडावा. तीनशे अक्षरांचे इनपुट पुष्कळदा सहा अक्षरांवर येते आणि चूक पाहताक्षणी कळते. दुरुस्तीबरोबर ते इनपुट कायमच्या टेस्टमध्ये जावे. उथळ बग दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण फझर त्याच खड्ड्यात पुन्हा पुन्हा पडतो आणि त्यामागचा कोड तपासलाच जात नाही.

यानंतर फझिंग रोजच्या कामात बसवावे. कोडमधल्या प्रत्येक बदलावर पाच-दहा मिनिटांची छोटी फेरी आणि वेगळ्या मशीनवर रात्रीची लांब फेरी, अशी विभागणी बहुतेक टीमना परवडते. लहान फेरीत साठवलेली सगळी इनपुटे आधी चालवावीत, मग उरलेल्या वेळात नवी शोधावीत. साठा फुगत जातो, म्हणून आठवड्यातून एकदा तेवढेच कव्हरेज देणारी कमीत कमी इनपुटे ठेवून बाकीची काढावीत. रात्रीच्या फेरीत सापडलेला क्रॅश सकाळी कोणी पाहायचा हे नाव आधीच ठरलेले असावे. अनेक ठिकाणी साधने नीट बसवलेली असतात, पण अहवाल कोणीच उघडत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत सगळी व्यवस्था धूळ खात पडते.

कव्हरेजचा आलेख सपाट झाला की थांबायचे, असा एक समज आहे. तो अपुरा का आहे हे बेंगळुरूतच झालेल्या संशोधनातून नीट समजते. भारतीय विज्ञान संस्थेतले राघवन कोमंडूर, टीसीएसमधले रवींद्र कुमार मेदिचेर्ला आणि सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठातले अभिक रायचौधुरी यांच्या २०२० सालच्या शोधनिबंधाचा मुद्दा असा, की धोक्याच्या ओळीपर्यंत पोहोचणे आणि तेथला बग प्रत्यक्ष घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बफरमध्ये लिहिणारी ओळ हजार वेळा चालली तरी लिहिलेला मजकूर दर वेळी बफरमध्ये मावत असेल, तर काहीच दिसत नाही. कव्हरेज पाहणाऱ्या फझरच्या लेखी ती ओळ झालेली असते. या संशोधकांनी एएफएलमध्ये बदल करून आणखी एक माप जोडले : बफर भरून वाहायला किती अंतर उरले आहे. ते अंतर कमी करणारे इनपुट नवी वाट उघडत नसले तरी राखले जाते. त्यांच्या प्रयोगांत याने मूळ एएफएल आणि त्यावर आधारलेला एएफएलगो यांच्यापेक्षा जास्त बग, तेही लवकर सापडले. पुण्यात टीसीएसच्या संशोधन विभागात घडलेल्या व्हेरीफझचा विचारही याच्या जवळचा आहे. त्यात प्रोग्रॅमचे स्थिर विश्लेषण आधी होते आणि पहिली इनपुटे गणिती सॉल्व्हरकडून मिळवली जातात.

या संशोधनातली साधने न वापरताही त्यातला विचार कामाला येतो. आलेख सपाट झाल्यावर कव्हरेजचा अहवाल उघडून न उघडलेल्या ओळी एकेक पाहाव्यात. काही सीड नसल्यामुळे अडलेल्या असतात, काही शब्दसूचीत तुकडा नसल्यामुळे, तर काही मुळात मृत कोड असतात. मग ज्या ओळी उघडल्या आहेत त्यांतल्या धोक्याच्या जागी, म्हणजे लांबीचे गुणाकार, इंडेक्स, रूपांतरे येथे, नवे गुणधर्म लिहावेत आणि फेरी पुन्हा सुरू करावी. कोड बदलत असेपर्यंत रात्रीची फेरी बंद करण्याचे कारण नाही.

मुक्त स्रोत प्रकल्पांना गूगलची ओएसएस-फझ ही सेवा मोफत मिळते. हार्टब्लीडनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये ती सुरू झाली, आणि मे २०२५ पर्यंत तिच्या मदतीने सुमारे १,००० प्रकल्पांत १३,००० हून अधिक सुरक्षाविषयक त्रुटी सापडून दुरुस्त झाल्या. तेथे प्रवेश मिळायला प्रकल्पाचा वापर बऱ्यापैकी असावा लागतो. सापडलेला बग ९० दिवसांनी जाहीर होतो, ही अट टीमने आधीच समजून घ्यावी. लहान किंवा खासगी प्रकल्पांसाठी क्लस्टरफझलाइट आहे, जे टीमच्या स्वतःच्या बिल्ड-व्यवस्थेत चालते.

फझर नेहमी आपल्या मशीनवर, आपल्या बिल्डवर आणि बंद नेटवर्कमध्ये चालवावा. बँकेच्या किंवा पेमेंट कंपनीच्या चालू सर्व्हरवर परवानगीशिवाय असा मारा करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो. ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. स्वतःच्या फझिंगमध्ये दुसऱ्याच्या लायब्ररीतला बग सापडला, तर तो सार्वजनिक यादीत टाकण्याआधी त्या लायब्ररीच्या सांभाळकर्त्यांना खासगीत कळवावा आणि सोबत लहान केलेले इनपुट, आवृत्ती व सॅनिटायझरचा अहवाल द्यावा. त्यांच्याकडून उत्तर आले नाही तर सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेकडे जाता येते. त्रुटींना सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकारही सर्ट-इनला आहे. दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत आपल्या कोडमध्ये त्या फंक्शनच्या आधी लांबीची तपासणी घालावी, आणि तिच्यासह हार्नेस पुन्हा चालवून पाहावा.